स्टेशन कुठे? आत्ताच विचारा!

फ्लॅटच्या ब्रोशरमधलं सगळ्यात महागडं वाक्य कुठलं, माहितीये? 'स्टेशनपासून फक्त पाच मिनिटांवर!' क्लबहाउस, जिम, स्विमिंग पूल, सगळे त्याच्यापुढे फिके. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत या पट्ट्यात घर शोधणाऱ्यांचं गणितही सोपं असतं. ऑफिस पिंपरीत नाहीतर शिवाजीनगरला, ईएमआय खिशाला झेपेल एवढा आणि दोन्हींना जोडणारी पुणे-लोणावळा लोकल. पण ती 'पाच मिनिटं' ठरवतं कोण? आणि कधी?

सरासरीची गंमत

आपल्या मावळातून रेल्वे धावायला लागली १८५८ मध्ये, खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला तेव्हा. रोज अप-डाउन करणाऱ्यांची लोकल आली तब्बल १२० वर्षांनी, मार्च १९७८ मध्ये. आज पुणे ते लोणावळा साधारण ६३ किलोमीटरमध्ये १७ स्टेशनं आहेत. म्हणजे सरासरी चार किलोमीटरला एक. ऐकायला मस्त वाटतं ना? पण सरासरी काढायची ती रुळांवर, आणि माणसं राहतात रुळांच्या दोन्ही बाजूंना, आत, लांबवर.

कान्हे स्टेशनच बघा. ते एकट्या कान्हे गावाचं नाही. टाकवे आणि त्यापलीकडच्या अंदर मावळातल्या गावांचाही तो दरवाजा आहे. तिथल्या एखाद्या मुलीला चिंचवडला नोकरी लागली, तर तिचा प्रवास लोकलमध्ये नाही, घराच्या अंगणात सुरू होतो. आधी एसटी, जीप नाहीतर कुणाची तरी बाइक, मग लोकल. संध्याकाळची गाडी चुकली की पुढचं सगळंच कोलमडतं. तिच्यासाठी स्टेशन एक किलोमीटर अलीकडे की पलीकडे, हा नोकरी टिकणार की नाही याचा प्रश्न असतो.

मग द्या की आणखी एक थांबा!

इतकं सोपं नाही, बॉस. बारा डब्यांच्या लोकलला पाव किलोमीटरहून लांब फलाट लागतो. त्यासाठी रुळांचा सरळ, सपाट पट्टा हवा, शेजारी जागा हवी, तिथपर्यंत रस्ता हवा. शिवाय गाडी थांबणार, पुन्हा वेग घेणार. एका थांब्यामागे दीड-दोन मिनिटं गेलीच. लोणावळ्याहून निघालेला माणूस म्हणणार, गाडी वेळेवर पोचवा. मधल्या गावातला म्हणणार, आधी मला गाडीत तर चढू द्या! दोघंही बरोबर. म्हणूनच हा वाद कधी जुना होत नाही.

आणि जागा? मावळात हा शब्द जपून वापरावा लागतो. धरण, एक्स्प्रेस वे, एमआयडीसी... प्रत्येक वेळी जमीन इथल्याच शेतकऱ्याची गेली. पवना बंद जलवाहिनीविरोधातल्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. त्यामुळे नव्या प्रकल्पाची आखणी आली, की इथल्या माणसाच्या कपाळावर आठी पडते. त्याला 'विकासविरोधी' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण फलाट ज्याच्या शेतात येणार, त्याचं म्हणणं सगळ्यात आधी ऐकायला नको?

कात्रजकरांनी काय केलं?

बोलून काही होतं का, असं वाटत असेल तर जरा पुण्याच्या दुसऱ्या टोकाला चला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वारगेट-कात्रज मेट्रोला मंजुरी दिली. ५.४६ किलोमीटरचा भुयारी मार्ग आणि त्यावर स्टेशनं फक्त तीन. एवढ्या दाट वस्तीत! बालाजीनगर, बिबवेवाडीच्या लोकांना मेट्रो पायाखालून जाताना नुसती 'फील' करायची होती की काय? इथेही थांबा हवा, ही मागणी जोर धरत गेली. अखेर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बालाजीनगर आणि बिबवेवाडी या दोन जादा स्टेशनांना मान्यता दिली. एवढंच नाही, कात्रज स्टेशनची जागाही ४२१ मीटर दक्षिणेला सरकवली.

मुद्दा लक्षात आला? स्टेशन कागदावर असेपर्यंतच सरकतं. एकदा काँक्रीट पडलं, की पुढच्या पिढ्यांनी फक्त चालायचं.

आता पाळी आपली

पुणे-लोणावळा तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेलाही २०२५ मध्येच राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. जास्तीचे रूळ म्हणजे लोकलला एक्स्प्रेससाठी बाजूला उभं राहण्याची शिक्षा कमी, ही गुड न्यूज. पण रूळ वाढले की फलाट, पूल, रस्ते हे सगळं नव्याने आखावं लागतं. विचारायची वेळ हीच. नवा फलाट कुठल्या बाजूला? पादचारी पूल गावाकडे उतरणार की फक्त हायवेकडे? पूल फलाटाच्या एकाच टोकाला असेल, तर तुमची 'पाच मिनिटं' तिथेच संपली! एसटी आणि रिक्षा थांबणार कुठे? ज्याची जमीन जाणार, त्याला काय मिळणार?

हे प्रश्न ग्रामसभेत विचारता येतात, आमदार-खासदारांना विचारता येतात, रेल्वेला लेखी विचारता येतात. अडचण एकच. दहा वर्षांनी या स्टेशनवर उतरणारी निम्मी माणसं आज या सभेत नसतात. ती कुठेतरी सॅम्पल फ्लॅट बघत असतात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल, तर बुकिंगचा चेक फाडायच्या आधी एका रविवारी गावात चक्कर मारा. सेल्स ऑफिसमध्ये नको, पारावर बसा. पाच मिनिटांचा खरा हिशेब तिथे कळेल. आणि तुमचे भावी शेजारी कोण, तेही.