कात्रजच्या नळापासून एकोणतीस टीएमसीपर्यंत

पुण्याच्या पाण्याची पहिली मोठी योजना शहराच्या आकाराला धरून आखलेली होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ आणला गेला. वाटेत ठिकठिकाणी हवेसाठी उच्छ्वास होते. पाणी नुसत्या उताराने वाहत येई आणि पेठांतल्या हौदांत पडे. हौदावरून घागर भरून घरी आणायची म्हटले की खर्चाला आपोआप आवर बसतो. त्यातून वाड्याच्या चौकात आड असे, वापराचे पाणी तिथलेच. चौकाभोवती अनेक बिऱ्हाडे, अंगणाला बाग नाही, पेठा एकमेकींना चिकटलेल्या. दाट वस्तीला पाणी पोचवायला नळ थोडा लागतो आणि गळतीही कमी होते, हे त्या रचनेत दिसते.

1879मध्ये खडकवासल्याचे धरण पुरे झाले. त्याचा मुख्य हेतू कालव्याने पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्याला पाणी देण्याचा होता. शहर आणि लष्कराला त्यातला वाटा मिळाला. पाणी नळाने घरात आले आणि वस्तीही सैल होत गेली. लष्करातले बंगले, पुढे डेक्कन जिमखाना आणि एरंडवण्याकडचे प्लॉट, प्रत्येकाला आवार, आवारात झाडे. माणसे तेवढीच राहिली तरी बाग शिंपायला आणि आवार धुवायला पाणी जास्त लागते.

12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले. नदीकाठच्या पेठांतली हजारो कुटुंबे उघड्यावर आली आणि नळ बंद पडल्यावर बुजवायच्या राहिलेल्या आडांनीच शहराला तारले. हे विसरता कामा नये, कारण नंतरच्या वाढीत आड आणि विहिरी बुजवण्याचीच घाई झाली. पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि शहर पेठांबाहेर पडले ते कायमचे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी वाढीला दुसरे टोक दिले. त्या शहराला पवना धरणाचा आधार मिळाला.

महापालिका हद्दीची लोकसंख्या 1951मध्ये सुमारे 4.8 लाख होती. 1991मध्ये ती 15.7 लाख, 2001मध्ये 25 लाखांवर आणि 2011मध्ये 31 लाखांवर गेली. नव्वदच्या दशकातली उडी निव्वळ जन्मांची किंवा स्थलांतराची नव्हती. 1997मध्ये आसपासची 38 गावे हद्दीत आली (त्यातली काही नंतर वगळली गेली), 2017मध्ये 11 आणि 2021मध्ये आणखी 23 गावे आली. या गावांत इमारती आधी उठल्या, हद्द नंतर आली, जलवाहिनी त्याहून नंतर. बांधकामाच्या परवानगीसाठी विकसकाकडून हमीपत्र घेतले जाई की पालिकेचे पाणी येईपर्यंत तो स्वतः पाणी पुरवील. सदनिका विकल्या गेल्या की हमीपत्र फाइलीत उरे आणि सोसायटीच्या फाटकाशी टँकर.

शेतजमीन एनए (बिगरशेती) झाली की पाण्याचे नेमके काय होते, हे एका हेक्टरवर पाहता येते. हडपसर, मांजरी, फुरसुंगी हा कालव्याचा पट्टा. तिथे ऊस उभा असे. एक हेक्टर उसाला वर्षाला साधारण 20 ते 25 हजार घनमीटर पाणी लागते. त्याच हेक्टरवर 125 सदनिका उभ्या राहिल्या, घरटी चार माणसे धरली आणि माणशी रोज 135 लिटर दिले, तर वर्षाचा हिशेब 24,600 घनमीटरच्या आसपास येतो. म्हणजे आकडा जवळपास तोच. बदलतो तो पाण्याचा स्वभाव. उसाला पाळीने पाणी चालते, एखादे आवर्तन चुकले तर पीक तग धरते. माणसाला पाणी रोज लागते, शुद्ध केलेले लागते आणि दहाव्या मजल्यावर चढवलेले लागते. शिवाय त्यातले ऐंशी टक्क्यांच्या घरात सांडपाणी होऊन बाहेर पडते. दुसरीकडे, शेतात मुरणारा पाऊस काँक्रीटवरून थेट ओढ्याला लागतो आणि बोअर दरवर्षी खोल जातात.

खडकवासला साखळीतल्या चार धरणांची, म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघरची, एकत्र उपयुक्त साठवण सुमारे 29 टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, 2,832 कोटी लिटर. शहराचा कोटा पूर्वी 11.5 टीएमसी ठरला होता. प्रत्यक्षात उचल त्याहून बरीच जास्त राहिली आणि त्यावरून पाटबंधारे खात्याशी वाद चालत आला. 2011च्या लोकसंख्येला माणशी 150 लिटरने गुणले तर जेमतेम 6 टीएमसी होतात. वरचा फरक पुढे वाढलेली माणसे, कार्यालये आणि हॉटेले यांनी थोडा भरून निघतो, बाकीचा गळतीने आणि विषम वाटपाने. पहाटे वॉलमन लोखंडी चावीने रस्त्यातला वॉल फिरवतो तेव्हा पंपिंग स्टेशनजवळच्या पेठेत टाकी अर्ध्या तासात भरते. लांबच्या वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, धायरीच्या चढावर, नळ नुसता हवा सोडतो. शहर जितके लांब पसरते तितकी ही टोके वाढतात.

2020च्या एकत्रीकृत विकास नियमावलीने चटईक्षेत्र रस्त्याच्या रुंदीशी बांधले. जलवाहिनीच्या व्यासाशी किंवा धरणातल्या हिश्शाशी ते बांधलेले नाही, आणि पुण्याच्या नियोजनातला हाच सर्वांत महागात पडलेला तुटका दुवा आहे. बाणेर-बालेवाडीतल्या टंचाईचा प्रश्न या नियमावलीच्याही आधी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, तो अशाच तुटक्या दुव्यामुळे.

मग पाणी आणखी लांबून आणणे ओघाने आले. 2021पासून भामा-आसखेडचे पाणी शहराच्या पूर्व भागाला मिळू लागले. खडकवासल्याचा कालवा मात्र शहर ओलांडून दौंड-इंदापूरला जातो आणि तिथला शेतकरी दर उन्हाळ्यात आवर्तनाची वाट पाहतो. शहराने जास्त घेतलेले पाणी त्याला अंशतः परत मिळावे म्हणून मुंढव्याला नदीवर बंधारा बांधून प्रक्रिया केलेले सांडपाणी कालव्यात सोडण्याची योजना झाली. शहराच्या सगळ्या सांडपाण्यावर अजून प्रक्रिया होत नाही. त्यामुळे ज्या मळ्याला पूर्वी धरणाचे पाणी मिळे, त्याला आता मुळा-मुठेतले मिळते.