फूटपाथवरचा मुसाफिर

रमजान आला की घराघरांत जकातीचा हिशेब सुरू होतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के हिस्सा गरजूंना द्यायचा, ही जकात. तिचे आठ हक्कदार कुरआनाच्या सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. पहिली दोन नावे गरिबांची, फकीर आणि मिस्कीन. शेवटचे नाव मुसाफिराचे. लहानपणी मुसाफिर म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर वाळवंट आणि उंट यायचा. गेल्या रमजानमध्ये तो मला मुंबईच्या फूटपाथवर भेटला.

आपल्या शहरातल्या एका सेवा मंडळाबरोबर मी अधूनमधून जातो. कॉलेजची मुले-मुली, सगळ्या समाजांतली. जूनमध्ये वह्या, थंडीत ब्लँकेट, असे त्यांचे काम. गेल्या वर्षी त्यांनी ठरवले की, एक रात्र मुंबईत बेघरांना जेवण वाटायचे. तिथे बेघरांमध्ये अनेक वर्षे काम करणाऱ्या एका ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "जरूर या. पण पाकिटं नका आणू, वही आणा." आम्हाला ते पटले नाही. पुलावाची दोनशे पाकिटे भरून निघालो.

पोहोचलो तेव्हा तरावीहची नमाज संपली होती. मिनारा मशिदीजवळ दिव्यांचा झगमगाट आणि मालपुवा-कबाबच्या दुकानांवर पाय ठेवायला जागा नाही. तिथून ताईंबरोबर जे. जे. पुलाखालून भायखळ्याकडे चालत गेलो. हळूहळू उजेड मागे पडला. भिंतीला टेकून प्लास्टिकखाली मांडलेले संसार दिसू लागले.

एका वयस्क खालांना पाकीट दिले. त्यांनी दुवा दिली आणि ते आधीच्या पाच पाकिटांवर ठेवले. मग म्हणाल्या, "बेटा, रमजान में खाना बहुत आता है. पानी मैं सहरी में भी कम पीती हूँ. रात को संडास बंद रहता है ना."

आमच्यातल्या मुली गप्प झाल्या. दिवसभर रोजा आणि पहाटेही तहान मारायची, तीही एवढ्यासाठी! शौचालयाला प्रत्येक खेपेला पैसे, आंघोळीला वेगळे, पाण्याचा कॅन विकत. घरात पाच माणसे.

तेव्हा कुठे आम्ही वही काढली.

बेघर म्हणजे भिकारी, असे आमच्यातल्या बहुतेकांना वाटत होते. वहीत वेगळेच उतरत गेले. हातगाडी ओढणारा, लग्नाच्या जेवणावळीत भांडी घासणारी, गजरे विकणारी, नाक्यावर रोजंदारीसाठी उभा राहणारा. सोलापूरकडचे एक आजोबा हमाली करायचे. "पोरांनो, जेवण मिळतं रं. माझी पिशवी गेली, त्यात आधार कार्ड होतं. आता रेशनही नाय अन् पेन्शनही नाय," ते म्हणाले. कार्ड काढायला पत्ता लागतो, आणि पत्ता हाच तर त्यांचा प्रश्न.

परळला कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेली कुटुंबे फूटपाथवर झोपलेली पाहिली. त्यांचे गावी घर आहे, काहींची शेतीही आहे. पण इथे भाडे परवडत नाही आणि उपचार काही महिने चालणार. घरी सुखवस्तू असलेला माणूसही वाटेत अडकून पडला, तर तो जकातीचा हक्कदार ठरतो. तो आठवा हक्कदार मला तिथे कळला.

२०११ च्या जनगणनेत, २८ फेब्रुवारीच्या रात्री, मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले गेले. शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांसाठी एक निवारा असावा, असा केंद्राच्या योजनेचा निकष होता. त्या वेळची मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षात ते त्याहून फारच कमी आहेत. काम सोडून दूरच्या निवाऱ्यात जाणेही अनेकांना जमत नाही. फूटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, त्यामागे हेच वास्तव होते. रोजगार जिथे, तिथेच माणूस पाठ टेकतो. फूटपाथवर राहण्याचा हक्क मात्र त्या निकालानेही दिला नाही.

उरलेली पाकिटे सकाळपर्यंत आंबली. ती टाकताना मुलांना फार वाईट वाटले. परतीच्या गाडीत एक मुलगी म्हणाली, "आपण आपल्याला द्यायला सोपं ते दिलं."

यंदा मंडळाने पाकिटे केलेली नाहीत. त्या पैशांतून काही कुटुंबांचा शौचालयाचा आणि पाण्याचा खर्च ताईंमार्फत भागवला जातो आहे. कागदपत्रांच्या प्रती ठेवायला जाड प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या. आजोबांच्या कार्डासाठी दोन मुले खेटे घालत आहेत, अजून काम झालेले नाही. सदका कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो, म्हणून माझाही वाटा त्यात आहे. आपल्या एसटी स्टँडवर रात्री झोपणाऱ्यांशीही मुले आता बोलू लागली आहेत.

ईदच्या नमाजेआधी फित्रा द्यायचा असतो, त्या दिवशी कुणी उपाशी राहू नये म्हणून. तो आपण देऊच. पण देण्याआधी समोरच्याजवळ दोन मिनिटे बसून विचारावे, "तुम्हाला काय हवंय?" त्याला पैसे लागत नाहीत.