अर्ध्या तासाची सुट्टी आणि एक चॅनल

२०१६ च्या पावसाळ्यात बँकेने माझी बदली कोलकात्याला केली आणि २०२३ मध्ये परत पुण्याला आणलं. मधल्या वर्षांत नोकरी तीच होती. तिच्या कडेकडेने खाण्याच्या व्हिडिओंचं एक मराठी चॅनल मात्र उभं राहिलं. लोक दोन प्रश्न विचारतात. नोकरी करून हे जमलं कसं? आणि नोकरी सोडली असती तर चॅनल केवढं झालं असतं? दुसऱ्याचं उत्तर आधी देते. नोकरी नसती तर हे चॅनल झालंच नसतं. झालं असतं तर दुसरंच काही झालं असतं.

आमची शाखा डलहौसीत होती. कागदोपत्री त्याचं नाव बिनय-बादल-दिनेश बाग. बसचे कंडक्टर मात्र अजून डलहौसीच ओरडतात. रायटर्स बिल्डिंग, जीपीओ, रिझर्व्ह बँक आणि त्यांच्या आजूबाजूला हजारो कारकुनांची कचेरी-वस्ती. बंगाली लोक तिला ऑफिसपाडा म्हणतात. घरचे सांगलीत, मी भवानीपूरला एकटी, त्यामुळे डबा नाही. दुपारी फुटपाथवर उतरायचं आणि पुढ्यात येईल ते खायचं : लुची-तरकारी, घुगनी, चाउमीन, माशाचं कालवण आणि भात. थोडं चालायची तयारी असेल तर एस्प्लनेडजवळच्या डेकर्स लेनमध्ये पपई-गाजराचं पातळ चिकन स्ट्यू आणि भाजलेला पाव. आई रोज फोनवर विचारायची, ‘जेवलीस का?’ उत्तरादाखल मी ताटाचे छोटे व्हिडिओ पाठवू लागले. ते मावश्यांकडे गेले, तिथून आणखी पुढे.

काळही जुळून आला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि सांगलीतल्या मावशीलाही व्हिडिओ बघणं परवडू लागलं. मधुरा बाचल २००९ पासूनच यूट्यूबवर पाककृती दाखवत होत्या, त्यामुळे मराठी घरांना या माध्यमाची सवय होती. कोलकात्यात त्याच २०१६ मध्ये सप्तर्षी चक्रवर्ती आणि इन्सिया पूनावाला यांनी ‘बाँग ईट्स’ सुरू केलं. चेहरा नाही, बडबड नाही. फक्त हात, कढई आणि ग्रॅममध्ये दिलेली मापं. पुढे इंद्रजित लाहिडी आणि मीर यांचं ‘फूडका’ आलं. मीर तेव्हा रेडिओ मिर्चीवर होते. एका कामाच्या जोडीला दुसरं करता येतं, याचं उदाहरण गावातच होतं. मी मात्र २०१६ च्या ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीत अडकले. ते दोन महिने बँकवाले कधी जेवले, हे त्यांनाच ठाऊक नाही. मार्चचं क्लोजिंग उरकलं आणि २०१७ च्या उन्हाळ्यात चॅनलला नाव दिलं.

त्याआधी एक अर्ज करावा लागला. राष्ट्रीयीकृत बँकांच्या अधिकाऱ्यांना १९७६ चे आचारनियम लागू आहेत. परवानगीशिवाय धंदा करता येत नाही; अधूनमधून साहित्य किंवा कलेचं काम करता येतं. चॅनल कशात बसतं यावर वरिष्ठांनी बराच विचार केला आणि शेवटी तोंडी तोडगा निघाला : छंद म्हणून करा, पैसे घेऊ नका, बँकेचं नाव कुठे दिसू देऊ नका. तेव्हा मी जरा खट्टू झाले होते. २०१८ च्या सुरुवातीला यूट्यूबने जाहिरातीच्या पैशांसाठी एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं बघणं अशी अट घातली. ओळखीचे सगळे त्या आकड्यांमागे धावू लागले. मला ती शर्यत बंदच होती. २०२१ पासून पैसे न घेणाऱ्यांच्या व्हिडिओंवरही यूट्यूब जाहिराती दाखवू लागलं. म्हणजे जाहिरात माझ्या ताटावर, पैसे त्यांच्या गल्ल्यात.

चॅनलचा घाट नोकरीनेच पाडला. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. तेवढ्यात एक दुकान आणि एक पदार्थ होतो. दहा ठिकाणांची खाद्ययात्रा होत नाही. एक हात फोन धरायला, एक हात जेवायला. दुपारी एक ते दोन दुकानदाराला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून त्याची मुलाखत नाही. तो काम करताना दिसतो एवढंच. मिनीबसच्या गोंगाटात तिथे बोलणं अशक्य, म्हणून आवाज रात्री घरी, पंखा बंद करून. एडिटिंग मेट्रोत, फोनवरच. या मर्यादांना लोक पुढे माझी शैली म्हणू लागले.

लांबचं काही करायचं तर दुसरा आणि चौथा शनिवार. २०१५ पासून बँकांना या दोन शनिवारी सुट्टी असते. माझं अर्धं बंगाल या शनिवारांत बघून झालं. मेटियाब्रुझला गेले, जिथे १८५६ मध्ये अवधचा पदच्युत नबाब वाजिद अली शाह येऊन राहिला आणि ज्याच्या दरबाराशी कोलकात्याच्या बिर्याणीतला बटाटा जोडला जातो. थंडीत सियालदाहून लोकल पकडून जयनगरला, कनकचूर धानाच्या लाह्या आणि खजुराचा नवा गूळ यांचा मोया बघायला. कामाच्या दिवशीही एक वाट सापडली : लालबाजारमागचा टेरिटी बाजार. तिथला चिनी नाश्ता पहाटे मांडला जातो आणि आठ-साडेआठला उठतो. वाफाळते बाव, माशाच्या गोळ्यांचं सूप, आणि दहाला मी काउंटरवर.

सगळ्यात जास्त रमले ती पाइस हॉटेलांत. मेसमध्ये राहणाऱ्या नोकरदारांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी निघालेली ही भातघरं. रासबिहारीचं तरुण निकेतन, कॉलेज स्ट्रीटजवळचं स्वाधीन भारत हिंदू हॉटेल, न्यू मार्केटजवळचा सिद्धेश्वरी आश्रम. तिथे थाळी नसते. भात वेगळा, डाळ वेगळी, पाबदा मासा वेगळा, कोळंबी वेगळी, आणि जुन्या रिवाजाने केळीच्या पानाचेही वेगळे पैसे. जेवढं खाल तेवढंच द्याल. वाढपी सगळं तोंडपाठ ठेवतो आणि शेवटी एका दमात बेरीज म्हणतो. बँकेतल्या माणसाला याहून सुंदर दृश्य कुठलं! तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी मी बिल वाचू लागले.

प्रेक्षक आधी सगळे मराठी होते. रत्नागिरीकरांना नदीच्या रुई आणि कातला माशांत काय चव असणार, असा प्रश्न पडायचा. मग बंगाली लोक आले आणि ‘बर्गी परत आले’ म्हणून चेष्टा करू लागले. बर्गींच्या, म्हणजे अठराव्या शतकातल्या मराठ्यांच्या, स्वाऱ्या तिथे अजून अंगाईगीतांत जिवंत आहेत. १७४२ मध्ये कोलकात्याने आपल्याभोवती मराठा खंदक खणला होता. यावेळी बर्गी चौथाई वसूल न करता बिल भरून जातात, असं मी एका व्हिडिओत म्हटलं आणि तो बराच फिरला.

मग मार्च २०२० आला. घरात बसलेल्या लोकांना अचानक वेळ मिळाला आणि स्वयंपाकाच्या चॅनलांना पूर आला. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे त्याच वर्षी ‘आपली आजी’ म्हणून घरोघरी पोचल्या. माझं उलट झालं. बँका अत्यावश्यक सेवेत, म्हणून मी रोज डलहौसीत, आणि डलहौसीत एकही चूल पेटलेली नाही. २० मे रोजी अम्फान वादळ आलं. त्यानंतर कित्येक वस्त्यांत काही दिवस ना वीज, ना इंटरनेट. लोकल गाड्या नोव्हेंबरपर्यंत बंद होत्या. ऑफिसपाड्यातले बरेच विक्रेते उपनगरांतून लोकलने येतात, हे तेव्हा रिकाम्या फुटपाथवरून कळलं. गाड्या सुरू झाल्या, तरी काही जागा रिकाम्याच राहिल्या. त्या दुकानांचे माझे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ तेवढे उरले.

त्याच वर्षी टिकटॉकवर बंदी आली आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात भारतातून केली. तेव्हापासून खाण्यापेक्षा खाऊ घालणाऱ्याचा चेहरा विकला जाऊ लागला. डलहौसीच्या फुटपाथवर आईवडिलांचं भाताचं दुकान सांभाळणारी एक तरुणी अशीच गाजली. जेवणाऱ्यांपेक्षा कॅमेरे जास्त झाले. तिची विक्री वाढली, हे खरं. पण वीस मिनिटांत भात खाऊन टेबलावर परतणाऱ्या कारकुनाला रांगेत उभं राहणं परवडत नाही, आणि ही दुकानं मुळात त्याच्यासाठी आहेत.

याच काळात हॉटेलांचे फोन येऊ लागले : या, जेवा, चार शब्द चांगले बोला. जाहिरात असेल तर तसं स्पष्ट सांगावं, असा नियम जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये केला. जुलै २०२२ पासून वर्षाला वीस हजारांवरच्या भेटवस्तूंवर दहा टक्के टीडीएस आला. पूर्णवेळ चॅनल चालवणारे मित्र या हिशेबांत बुडालेले असायचे. मला एका वाक्यात सुटका होती : बँकेची परवानगी नाही. ज्या अटीवर खट्टू झाले होते, तीच आता ढालीसारखी कामी आली. यात माझी थोरवी काही नाही. घराचं भाडं पगारातून जात होतं, म्हणून तत्त्व पाळणं स्वस्त पडलं.

किंमत मात्र मोजावी लागली. झोप गेली, सांगलीच्या फेऱ्या कमी झाल्या, आणि क्लोजिंगच्या मार्चमध्ये चॅनल दरवर्षी झोपायचं. त्यामुळे ते कधी मोठं झालं नाही. आज मागे वळून पाहिलं तर पार्क स्ट्रीटवरच्या थाटाच्या हॉटेलांचे व्हिडिओ मलाच बघवत नाहीत. टिकले ते बिलांचे. २०१७ मध्ये एक वाटी डाळ, माशाचा एक तुकडा, एक पान यांना काय पडायचं आणि २०२३ मध्ये काय, हे त्यांत दुकानानिशी बोललेलं आहे. नोकरदाराच्या दुपारच्या भुकेचा तो हिशेब आहे, आणि तो लिहायला त्याच रांगेत उभा असलेला नोकरदारच हवा होता.

नोकरी सोडून चॅनल करू का, असं तरुण मुलं विचारतात. मी त्यांना उलट विचारते : पगार थांबल्यावर जेवणाचं बिल कोण भरणार? उत्तर ‘हॉटेलवाला’ असं असेल, तर व्हिडिओत काय बोलायचं हेही तोच ठरवणार.