उलटी शिवलेली पाने

मुलाचा दात पडतो आणि रक्त थांबत नाही, किंवा किरकोळ मार लागून गुडघा सुजतो, तेव्हा घरात दोष शोधला जातो. तो बहुधा सुनेच्या पदरी पडतो. हिमोफिलिया 'ए' या व्याधीत हा न्याय किती उथळ आहे, हे जनुकशास्त्राने दाखवून दिले आहे.

रक्त गोठण्यास आवश्यक अशा आठव्या घटकाचे जनुक एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ असते. त्याचे 26 खंड. चोपडीतील पहिली 22 पाने सुटून उलटी शिवली जावीत, तसे अनेक रुग्णांत झालेले असते. पान गहाळ नाही, आकडा खोडलेला नाही. परंतु बाविसाव्या पानावरची बाकी तेविसाव्यावर ओढता येत नाही. तीव्र हिमोफिलिया 'ए'च्या सुमारे 45 टक्के रुग्णांत हेच कारण असल्याचे 1993 मध्ये उघडकीस आले.

बाविसाव्या खंडानंतरचा सुमारे साडेनऊ हजार अक्षरांचा मजकूर गुणसूत्राच्या टोकाकडे आणखी दोनदा येतो, त्यांतला एक तरी उलट दिशेने. स्त्रीच्या बीजपेशीत दोन एक्स परस्परांशी जुळतात. पुरुषाच्या बीजपेशीत तो एकटाच असल्याने स्वतःवर दुमडू शकतो. सारखे मजकूर जुळतात आणि मधला भाग उलटा सांधला जातो. म्हणून हा पालट प्रथम घडतो तो बहुतेक वेळा पुरुषाच्या बीजात, पुष्कळदा रुग्णाच्या आईच्या वडिलांकडे. ते स्वतः निरोगीच असतात. मुलगी वाहक होते आणि बोल तिला लागतो!

अक्षरे क्रमाने वाचणाऱ्या नेहमीच्या तपासणीत हा पालट निसटू शकतो, कारण अक्षर चुकलेले नसतेच. त्यासाठी वेगळी चाचणी लागते. अहवालात ती केल्याची नोंद आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. मुलुंड-घाटकोपरहून लोकलने गाठता येणाऱ्या परळला, के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत या व्याधीच्या जनुकीय निदानावर दीर्घकाळ काम झाले आहे.

भाऊ आजारी असला की बहिणीच्या सोयरिकीच्या चिंतेने सारे झाकले जाते. वाहक स्त्रीच्या प्रत्येक मुलाला व्याधीची, प्रत्येक मुलीला वाहकत्वाची शक्यता निम्मी असते. हे आधी ठाऊक असल्यास प्रसूतीत चिमटा वा व्हॅक्यूम टाळता येतो, आठवा घटक हाताशी ठेवता येतो आणि नवजाताच्या मेंदूतील रक्तस्रावाचा धोका कमी होतो.