समेवर मान कशी डोलते?

धानाची कापणी-मळणी आटोपली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावात नाटक आणायचं तर मंडळी वडसा गाठतात, कारण नाटक मंडळ्यांचं ठाणंच वडशात, म्हणजे देसाईगंजात. रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडतो. आणि गाणी? ती तिथल्या तिथे गायली-वाजवली जातात!

गायक तान घेत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो. तबल्याची थापही नेमकी तिथेच पडते. त्याच क्षणी तुमचीही मान डोलते. सम आता येणार, हे तुमच्या मानेला कसं कळलं?

चला, एक खेळ खेळू. मैत्रिणीच्या पाठीला पाठ लावून उभे राहा. न बोलता, न मोजता दोघांनी एकदम टाळी वाजवा. हुकली ना? आता समोरासमोर या. तुम्ही हात वर न्या, मग खाली आणत टाळी द्या. जमली! हात कसा उचलला, किती वेगाने खाली आला, यावरून तिने टाळीची वेळ आधीच ओळखली.

वाद्यवृंदाचा संचालक हेच करतो. १९३६ साली मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता हातातल्या छोट्या काठीने शंभरेक वादकांना असंच सांभाळायचे. ठोका पडण्याआधी काठी वर जाते आणि सगळे सावध होतात. आपली तालाची खूणही तशीच. तीनतालाच्या १६ मात्रांत नवव्या मात्रेला ‘खाली’ येते, म्हणजे तिथे टाळीऐवजी रिकामा हात दाखवतात. ती दिसली की समजावं, सम आठ मात्रांवर आहे.

पण आवाज ऐकून मग वाजवलं तर? उशीर होईल! ऐकून हात हलायलाच सेकंदाचा पाचवा-सहावा भाग जातो. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. ३४ मीटर दूरच्या माणसाला तो सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा उशिरा पोचतो. म्हणून मेंदू वाट बघत बसत नाही, अंदाज बांधतो. शास्त्रज्ञांनी लोकांना टिकटिकीबरोबर बोटं आपटायला सांगितली, तेव्हा बहुतेकांची बोटं टिकटिकीच्या किंचित आधीच पडली! २००९ साली हंगेरीतल्या संशोधकांनी तर दोन-तीन दिवसांच्या बाळांना ताल ऐकवला. मध्येच मुख्य ठोका गाळला, तर झोपलेल्या बाळांच्या मेंदूलाही ते जाणवलं.

आता पुढच्या नाटकात तबलजीने तिहाई घेतली, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवायला घेतला, की क्षणभर मागे वळून प्रेक्षकांकडे बघा. तिसऱ्या फेरीअखेर शेकडो माना एकदम डोलतील. त्यांना खूण करायला काठी घेतलेलं कुणी नसेल. प्रत्येकाच्या डोक्यात एक छोटा संचालक बसलेला असतो, अगदी जन्मापासून!