तंबोरा घेताना भाव कसा करावा?

कीबोर्ड-गिटारच्या दुकानात 'शेवटचा भाव किती?' हे खुशाल विचारा. छापील किंमत ही कमाल किंमत असते. रक्कम कमी होत नसेल तर स्टँड, बॅग, तारांचा जादा संच मागून बघा.

मिरजेत तंबोरा घेताना मात्र मी घासाघीस करत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, कोरीव काम, सगळी हातची कारागिरी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच कामासाठी. तिथे भाव तोच ठेवून नीट मागायच्या गोष्टी वेगळ्या: आपल्या पट्टीला जवारी समोर बसून लावून घ्या, गवसणी मागा, पुढे जवारी पुन्हा करून द्याल का ते विचारा. हजार रुपये सुटण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं! हातानं बनवलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी नाही, त्यामुळे पक्कं बिल घ्यायला अजिबात संकोच नको.

दुकानात तासभर वाद्य वाजवून बघायचं आणि ऑनलाइन मागवायचं, हे कृपया टाळा. तिकडचा भाव कमी असेल तर दुकानदाराला दाखवा, जुळतं का बघा. आणि त्यानं खास तुमच्यासाठी दिलेला भाव ग्रुपवर टाकू नका.