जुना मॉनिटर नव्या कॉम्प्युटरला आपले वय सांगतो

2002 च्या सुमारास गोवा सरकारने ‘सायबरएज’ योजनेतून अकरावीच्या मुलांना कॉम्प्युटर द्यायला सुरुवात केली आणि पेडणे-डिचोलीसारख्या तालुक्यांतल्या घरांतही कॉम्प्युटर पोचू लागला. त्याच काळात ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’मधून परदेशात वापरून झालेले कॉम्प्युटर गोव्यातल्या शाळांत आले आणि त्यांवर लिनक्स चालू लागले. त्या काळच्या मॉनिटरची केबल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असेल: निळे तोंड, तीन ओळींत पंधरा पिना, दोन बाजूंना दोन स्क्रू. हीच व्हीजीए. आयबीएमने ती 1987 मध्ये आणली. पुढे डबा मॉनिटर गेले, चपटे आले, तरी निळे तोंड टिकून राहिले. डिसेंबर 2010 मध्ये इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या कंपन्यांनी 2015 पर्यंत व्हीजीएला निरोप द्यायचे जाहीर केले. आज नवा लॅपटॉप घेतला तर त्याला बहुधा ती जागाच नसते, एचडीएमआयची असते.

मॉनिटर मात्र इतक्या लवकर मरत नाहीत. शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत, पंचायतीत, बाजारातल्या हिशेबाच्या टेबलावर ते अजून ठणठणीत आहेत. नवा कॉम्प्युटर आला की काहीशे रुपयांत ‘एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर’ घ्यायचा, दोन्ही टोके जोडायची, की चित्र येते. (उलट्या दिशेचा, ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ही मिळतो. तो इथे चालत नाही, घेताना नीट बघावे.)

कन्व्हर्टरची आगपेटीएवढी डबी नुसती तारेला तार जोडते असे वाटते. तसे असते तर पडद्यावर काहीच दिसले नसते. एचडीएमआयमधून येतात ते निव्वळ आकडे: या ठिपक्यात लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. जुन्या केबलला आकडे कळत नाहीत, तिला हवा असतो विजेचा दाब. शून्य व्होल्ट म्हणजे काळोख, 0.7 व्होल्ट म्हणजे पूर्ण उजेड, आणि मधल्या सगळ्या छटा या एवढ्याशा पट्ट्यात बसवायच्या. प्रत्येक रंगाच्या 256 पातळ्या धरल्या तर दोन पातळ्यांमधला फरक तीन मिलिव्होल्टही भरत नाही. डबीतली चिप आकडा वाचते आणि तेवढा दाब तारेवर सोडते. 1024 बाय 768 च्या साध्या मॉनिटरसाठी हे काम ती सेकंदाला साडेसहा कोटी वेळा करते, तेही तिन्ही रंगांसाठी एकाच वेळी.

म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम पंधरा नॅनोसेकंद येतात. तेवढ्या वेळात तारेतला सिग्नल सुमारे तीन मीटर जातो. आता मॉनिटरची केबल बघा, ती बहुधा दीड मीटरची असते. एकच ठिपका केबलच्या दुप्पट लांब! त्याचे पुढचे टोक मॉनिटरमध्ये शिरलेले असते, तेव्हा मागचे टोक डबीतून बाहेरही पडलेले नसते. टेबलामागे धूळ खात पडलेल्या त्या केबलमध्ये हे सतत चाललेले असते, हे कळल्यापासून मला ती बाजूला सारतानाही जपावीशी वाटते.

डबा मॉनिटरला हा दाब जसाच्या तसा चालायचा. चपट्या मॉनिटरला पुन्हा आकडेच लागतात, म्हणून तो आलेला दाब मोजून परत आकडे तयार करतो. कुठला ठिपका कुठे संपला हे सांगणारी तार व्हीजीएत नाही. ओळ सुरू झाली एवढीच खूण मिळते आणि ओळीचे तुकडे मॉनिटरला आपल्या अंदाजाने पाडावे लागतात. अंदाज किंचित चुकला तर दोन शेजारी ठिपके एकमेकांत मिसळतात, पण फक्त आडव्या दिशेने. खालची-वरची ओळ वेगळीच राहते. मराठी मजकूर उघडून हे बघण्यासारखे आहे: शिरोरेषा कोरल्यासारखी स्वच्छ असते आणि तिच्याखालचे काने, वेलांट्या मात्र थरथरतात, कडेने पुसट होतात. अशा वेळी कडेपर्यंत पांढरे आणि मजकुराने भरलेले पान पडद्यावर आणावे आणि मॉनिटरचे ‘ऑटो’ बटण दाबावे. चित्राच्या कडा शोधून मॉनिटर आपले मोजमाप पुन्हा बसवतो. काळ्या पडद्यावर हे बटण दाबले तर त्याला कडाच सापडत नाहीत.

आपल्याकडच्या पावसाळ्यात वेगळाच त्रास होतो. दमट हवेने पिनांवर थर चढतो आणि एखादा रंग गळतो. लाल गेला तर पडदा निळसर-हिरवा, हिरवा गेला तर गुलाबी, निळा गेला तर पिवळा. पडद्याच्या रंगावरूनच कुठली पिन रुसली ते ओळखता येते. तोंड काढून पुसावे, पुन्हा घट्ट बसवावे आणि दोन्ही स्क्रू आवळावेत.

मला सगळ्यात थक्क करते ती पहिल्या क्षणाची ओळख. पंधरा पिनांपैकी बारावी आणि पंधरावी चित्रासाठी नाहीत, त्या बोलण्यासाठी आहेत. मॉनिटरच्या आत 128 बाइटची छोटी नोंद असते. कॉम्प्युटर जोडला गेला की आधी ती मागून घेतो. बनवणाऱ्याची तीन अक्षरे, कुठल्या आकारमानाचे चित्र चालेल, कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनलो, हे सगळे तिच्यात असते. वर्ष 1990 पासून मोजतात, म्हणजे 18 आकडा असेल तर मॉनिटर 2008 चा. एलजीचे मॉनिटर आजही ‘जीएसएम’ अशी ओळख देतात, कारण कंपनीचे जुने नाव गोल्डस्टार होते. ही पद्धत 1994 ची. 2002 च्या अखेरीस एचडीएमआय आले तेव्हा बोलण्यासाठी याच दोन तारा त्यात ठेवल्या गेल्या, म्हणून ही भाषा डबीला बदलावी लागत नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा मॉनिटर काल घेतलेल्या लॅपटॉपला आपला जन्माचा आठवडा सांगतो आणि लॅपटॉपला ते कळते!

बोलण्याच्या या दोन तारांपैकी एखादी तुटली की कॉम्प्युटर अंधारात चाचपडतो आणि मोठ्या मॉनिटरवरही बेताचेच चित्र दाखवतो. एचडीएमआयच्या नियमांत सगळ्यांना यायलाच हवा असा एक आकार आहे, 640 बाय 480. हा 1987 च्या व्हीजीएचाच आकार. आजच्या मोठ्या टीव्हीलाही तो यावाच लागतो.

जुन्या काळाची याहून खोल खूण सिग्नलच्या वेळापत्रकात आहे. डबा मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ रंगवायचा. आपण वाचताना ओळ संपली की नजर पुन्हा डावीकडे आणतो, तसा तो झोतही परत फिरायचा आणि त्या परतीसाठी सिग्नलमध्ये रिकामा वेळ ठेवलेला असायचा. चपट्या पडद्यात झोत नाही, परत फिरणारे काही नाही. तरी एचडीएमआयने ती सुट्टी जपली. 1920 बाय 1080 चे चित्र पाठवताना प्रत्यक्षात 2200 बाय 1125 जागांचा वेळ खर्च होतो. म्हणजे एकूण वेळेचा सुमारे सहावा हिस्सा चित्राविना जातो.

तो वाया मात्र जात नाही. एचडीएमआयचा आवाज याच फटींतून येतो. शाळेत कविता ऐकवताना, घरी नाटकाचे रेकॉर्डिंग लावताना जो आवाज कानावर पडतो, तो झोताच्या परतीसाठी राखलेल्या वेळेत बसून आलेला असतो. व्हीजीएत आवाजाला जागाच नाही, म्हणून तो डबीतच वेगळा काढावा लागतो. त्यासाठी काही कन्व्हर्टरना हेडफोनसारखे छोटे भोक असते आणि तिथे साधा स्पीकर जोडता येतो. शाळेसाठी घेताना असाच घ्यावा. शेजारी यूएसबीची वीज घ्यायची सोय असेल तर आणखी चांगले. एचडीएमआयकडून या डबीला 55 मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज मिळेल याची हमी नसते. काही चिपना तेवढी पुरत नाही आणि मग चित्र मधेच काळे होते.